नवले पूल: अपघात खाली होतो, सुरू वर होतो

पुण्याच्या नवले पुलावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सगळे पुलावर जमतात, अधिकारी, पुढारी, चॅनेलवाले, आणि कठड्याला टेकून मोबाईल काढलेले आपण सगळे. मग पट्टे रंगवले जातात, बोर्ड लागतात, कडेच्या टपऱ्या उचलल्या जातात. हे करावंच, माझा त्याला काडीचाही विरोध नाही. पण या जागेकडे जरा नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते, इथला अपघात पुलाजवळ होतो खरा पण त्याची सुरुवात कितीतरी मागे झालेली असते, वर नव्या कात्रज बोगद्याच्या तोंडाशी, जिथं ड्रायव्हर गिअर काढून गाडी न्यूट्रल करतो तिथं. आणि आपले बहुतेक उपाय मात्र खाली, जिथं रक्त सांडलं त्या जागेवर. मला या सगळ्या प्रकरणात एवढंच मांडायचंय, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

ज्यांना पुण्याचा हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी जागा सांगतो. साताऱ्याकडून मुंबईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, जुनी माणसं अजून एनएच ४ च म्हणतात, खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून घाट चढतो आणि नव्या कात्रज बोगद्यात शिरतो. बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की उतार सुरू. जांभूळवाडी, दरी पूल, आंबेगावचं स्वामिनारायण मंदिर, मग नऱ्ह्याचा भूमकर चौक, मग नवले पूल. रस्ता रुंद, डांबर गुळगुळीत, समोर शहराचे दिवे दिसतात आणि पाय आपोआप मोकळा सुटतो. स्वतःच्या कारने उतरताना सुद्धा काटा कधी ८० च्या पुढे गेला ते कळत नाही, आणि मागं ३० टनांचा कंटेनर असेल तर त्याचं काय होत असेल याचा विचार करा.

या उताराच्या पायथ्याशी आता गच्च वस्ती आहे. नऱ्हे, आंबेगाव, वडगाव बुद्रुक, पलीकडे धायरी. बायपास आखला तेव्हा हा गावाबाहेरचा रस्ता होता, जड वाहनं पुण्यात न शिरता बाहेरच्या बाहेर जावीत म्हणून केलेला, आणि तेव्हाच्या हिशोबाने तो बरोबरच होता. मग शहर रस्त्यापाशी आलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. आंबेगाव आणि धायरी २०१७ साली महापालिकेत आले ११ गावांबरोबर, नऱ्हे आणि जांभूळवाडी २०२१ साली २३ गावांबरोबर. म्हणजे कॉलेजं, हॉस्टेलं, सोसायट्या, भाजीवाले, रिक्षा स्टँड सगळं आधी आलं आणि रस्त्यांची जबाबदारी घेणारी महापालिका नंतर. त्यामुळे मुख्य रस्ता केंद्राच्या प्राधिकरणाचा, खालचे गल्लीबोळ महापालिकेचे, वाहतूक पोलीस शहराचे, गाड्यांची तपासणी आरटीओची, आणि सर्व्हिस रोडचं प्रत्येक तुकड्याला वेगळं गाऱ्हाणं. अपघात मात्र या हद्दी बघून होत नाही.

आता दोन घटना, कारण त्या दोन घटना शेजारी ठेवल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

पहिली २० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. साताऱ्याच्या बाजूने उतरत आलेल्या एका अवजड गाडीने पुलाजवळ एकामागून एक अशा कितीतरी गाड्या ठोकल्या, सुरुवातीच्या बातम्यांत आकडा ४८ होता. प्राथमिक तपासात आलेली गोष्ट अशी की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, डिझेल वाचवायला. रस्त्यावर तेल, काचा, चेपलेल्या कार, त्या रात्रीचे व्हिडिओ बहुतेक पुणेकरांनी बघितलेत.

दुसरी १३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ. पुन्हा साताऱ्याकडून उतरणारं अवजड वाहन, यावेळी कंटेनर, पुन्हा ताबा सुटलेला, पुन्हा समोर हळू चाललेली वाहतूक. एक कार दोन अवजड गाड्यांच्या मध्ये सापडली, आग लागली, ८ माणसं गेली. पहिल्या घटनेला तीन वर्षं पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी होता.

या दोन तारखांच्या मधे काही झालंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०२२ नंतर अतिक्रमणं काढली गेली, रंबलर पट्टे (गाडी खडखडवणारे रस्त्यावरचे उंचवटे) आले, वेगाचे बोर्ड आले, पोलिसांच्या स्पीड गन आल्या. तरी तीच दिशा, तोच उतार, तशीच गाडी, पायथ्याशी तीच रांग. मग प्रश्न असा पडतो की आपण नेमका कशावर इलाज केला.

ट्रकवाल्यांशी कधी बोलला असाल तर न्यूट्रलचं गणित तुम्हाला माहीत असेल. बऱ्याच ठिकाणी फेरीला डिझेल ठरवून दिलेलं असतं, त्यातलं जे वाचेल ते ड्रायव्हरच्या खिशात, आणि त्या पगारात ते दोन-तीनशे रुपये म्हणजे घरची भाजी. त्यामुळे त्याला नुसता बेजबाबदार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पण दुःख याचं की ते वाचवणंही आता खरं राहिलेलं नाही. बीएस ४, बीएस ६ च्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर डिझेल जवळपास पूर्ण बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन आयडलवर चालतं आणि थोडं का होईना डिझेल पितं. म्हणजे जुन्या पंपाच्या गाड्यांच्या काळातली शिकवण नव्या गाड्यांत तशीच चालत आलीये, उस्तादाकडून क्लीनरकडे, आणि ती कुणी खोडून काढली नाही. हे ड्रायव्हरला त्याच्या भाषेत कुणीतरी समजावून सांगायला हवं आणि ते सांगायची जागा नवले पूल नाही.

इंजिन बंदच केलं तर त्याहून वाईट. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत जेवढी हवा आहे तेवढीच, प्रत्येक वेळी पेडल दाबलं की ती कमी होत जाणार आणि भरणारं कुणी नाही. स्टिअरिंगचा पॉवरही गेला. एवढ्या वजनाची गाडी अशा अवस्थेत उतारावर सोडणं म्हणजे तिचं पुढचं सगळं नशिबावर सोडणं.

आता उताराचा थोडा हिशोब करू, ढोबळच आहे पण डोळे उघडणारा आहे. गाडी मालासकट ३० टनांची धरा आणि उतार १०० मीटरला ४ मीटर धरा. ४० च्या वेगाने चाललेली ही गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि ब्रेकला हातच लावला नाही तर एका किलोमीटरमध्ये ती ९० च्या आसपास पोचते. एकाच किलोमीटरमध्ये. आणि तीच गाडी नुसत्या ब्रेकवर ६० ला धरून ठेवायची म्हटलं तर हवेचा आणि टायरचा विरोध वजा करूनही ब्रेकना सतत १४० किलोवॅटच्या आसपास उष्णता गिळावी लागते, म्हणजे घरातले २ किलोवॅटचे ७० गिझर एकदम चालू केल्यासारखं, आणि तेही चार-पाच मिनिटं सलग. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमवर आतून घासून गाडी थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, तापतात, त्यांची पकड सुटते, ड्रम तापून फुगतो, लायनर आणि ड्रममधली फट वाढते, ड्रायव्हर पेडल तळापर्यंत दाबतो आणि गाडी जराही ऐकत नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी छापून येतं 'ब्रेक फेल'. ब्रेक तुटलेले असतातच असं नाही, ते तापून निकामी झालेले असतात, आणि थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा बऱ्यापैकी लागूही शकतात.

यावर उपाय ट्रकइतकाच जुना आहे आणि प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला तोंडपाठ आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतः गाडी ओढून धरतं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) असेल तर आणखी धरतं, पायातला ब्रेक फक्त अधूनमधून लागतो आणि थंड राहतो. पण हा निर्णय उतार सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो. एकदा गाडी ८० वर गेली की तिला तिसऱ्या गिअरमध्ये टाकता येत नाही, गिअर पडतच नाही. म्हणजे भूमकर चौकाजवळ ड्रायव्हरला कितीही अक्कल आली तरी तेव्हा त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. जो काही निर्णय होता तो बोगद्याच्या तोंडाशी होऊन गेलाय.

आता पायथ्याची बाजू बघू, कारण सुटलेली गाडी हा निम्मा भाग झाला, ती आदळते कशावर हा उरलेला निम्मा. दोन्ही मोठ्या अपघातांत समोर हळू चाललेली किंवा थांबलेली वाहनं होती. ही रांग तिथं का असते?

संध्याकाळी सातच्या सुमाराला सर्व्हिस रोड जिथं मुख्य रस्त्याला येऊन मिळतो तिथं दहा मिनिटं उभं राहा, सगळं दिसतं. सर्व्हिस रोड सलग नाही, कुठं अरुंद होतो, कुठं त्याच्यावर गाड्या लावलेल्या असतात, कुठं तो संपतोच, त्यामुळे नऱ्ह्यातून वडगावकडे जायचंय, अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर, त्या माणसालाही राष्ट्रीय महामार्गावर चढावं लागतं. एका स्कूटीवर दोन पोरं, मागच्याच्या पाठीवर कॉलेजची सॅक, पुढचा मान वळवून मागं बघतोय आणि फटीची वाट बघतोय. डावीकडून टेम्पो घुसतो, त्याच्यामागे पीएमपीची बस, बस घुसली की मधल्या लेनमधली कार ब्रेक मारते, तिच्या मागची मारते, आणि ही ब्रेकची लाट उलटी वर चढत जाते, उताराच्या दिशेने. त्याच वेळी वरून एखादा ट्रक उतरतो आणि तो पुढे गेल्यावर नाकात जळालेल्या लायनरचा वास शिरतो, उग्र, रबर आणि लोखंड एकत्र भाजल्यासारखा. तो वास आला म्हणजे समजायचं की या गाडीचे ब्रेक आत्ताच हद्दीवर आहेत, आणि ही आज वाचली.

स्कूटीवरच्या पोरांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांना दुसरा रस्ता दिलाय कुठं? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात साधारण ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्के पायी चालणारी. म्हणजे तीनातली जवळपास दोन माणसं अशी की ज्यांच्याभोवती पत्राही नव्हता. आपल्या वस्तीत रस्त्यावर असतात ती हीच माणसं, आणि इथं आपण त्यांना ३० टनाच्या गाड्यांच्या रांगेत उभं केलंय.

अपघातप्रवण जागा म्हणजे ब्लॅक स्पॉट, त्याची सरकारी व्याख्या आहे. राष्ट्रीय महामार्गाचा ५०० मीटरचा तुकडा घ्यायचा, तीन वर्षांत त्यात मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले ५ अपघात किंवा एकूण १० मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट. मला ही व्याख्या मोजणीपुरती ठीक वाटते पण नवले पुलासारख्या जागी ती दिशाभूल करते, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ५०० मीटरचा तुकडा काढला की नजर त्या ५०० मीटरमध्येच अडकते. पैसे त्या ५०० मीटरला मंजूर होतात, पट्टे त्या ५०० मीटरमध्ये मारले जातात, पाहणीच्या फोटोत तेवढाच भाग येतो. बोगद्याचं तोंड या तुकड्यात येतच नाही, तिथं मृत्यू झालेलेच नाहीत ना. खेड शिवापूरचा टोलनाका तर विचारूच नका.

२०२५ च्या अपघातानंतर भूमकर चौक ते नवले पूल या टप्प्यात वेगमर्यादा ६० वरून ३० केली गेली. यावर लोकांत बरीच कुरबुर झाली, महामार्गावर ३० म्हणजे काय थट्टा आहे का, वगैरे. मी ३० च्या बाजूने आहे, स्पष्ट सांगतो. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ताकद चौपट होते, ६० वर माणसाने ब्रेकवर पाय ठेवायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि जिथं स्कूटी, बस, पायी माणसं एकत्र आहेत तिथं ३० हाच माणसाचा वेग. पण ही मर्यादा फक्त शेवटच्या टप्प्यात असेल तर तिच्यात एक अडचण आहे. भरलेली गाडी ६०-७० ने उतरत येते आणि तिला सगळ्यात जास्त ब्रेक मारायला आपण कुठं सांगतोय? उताराच्या तळाशी, जिथं तिचे ब्रेक सगळ्यात जास्त तापलेले आहेत. म्हणजे ज्याचे ब्रेक चांगले तो आपलं ऐकणार, आणि ज्याच्यासाठी बोर्ड लावला त्याला ऐकायचं असूनही जमणार नाही.

म्हणून मर्यादा वरून यायला पाहिजे, पायऱ्या पायऱ्यांनी. बोगद्यात शिरायच्या आधीच अवजड गाड्यांना डाव्या लेनमध्ये घ्यायचं, बोगद्यातून बाहेर पडतानाच त्यांचा वेग ४० च्या आत असायला हवा आणि गिअर खालचा. पूर्ण उतार तोच वेग. मग शेवटी ३० करायला जेमतेम ब्रेक लागतो.

हे पाळलं जातंय का ते बघायला एका जागी कॅमेरा लावून भागत नाही, हे आपण सगळेच जाणतो, कॅमेरा आला की ब्रेक, गेला की पुन्हा पाय खाली. उतारावर तर हे आणखी वाईट. त्यापेक्षा सरासरी वेग मोजायचा, एक कॅमेरा बोगद्याच्या तोंडाशी, दुसरा खाली. मधलं अंतर ४ किलोमीटर असेल तर ४० च्या वेगाने यायला ६ मिनिटं लागतात, ३ मिनिटांत आला म्हणजे सरासरी ८० ने आला, चलन घरी. यात ड्रायव्हरला कुठंही अचानक ब्रेक मारायची गरज पडत नाही, आणि न्यूट्रलमध्ये मोकळी सोडलेली गाडी सहसा पकडली जाते कारण ती हळू येणं अवघड. ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांची अशी यंत्रणा आलेली आहेच. त्याच एक्सप्रेसवेवर २०१६ साली १५१ माणसं गेली होती आणि पुढच्या चार वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला, रस्त्याचा एकेक कोपरा तपासून, कठडे, बोर्ड, थांबलेल्या गाड्या, गस्त, अँब्युलन्स या सगळ्यावर एकत्र काम करून. बोरघाटाचा उतारही काही सोपा नाही. म्हणजे जमतं, मनावर घेतलं तर आपल्याकडेच जमलंय.

रंबलरबद्दल थोडं वेगळं बोलतो कारण दर वेळी पहिला उपाय तोच असतो. रंबलर झोप उडवतो, वेग कमी करत नाही. भरलेला ट्रक त्याच्यावरून खडखडत जातो, ड्रायव्हरला आठवड्याभरात सवय होते, आणि पावसात दुचाकी मात्र त्याच्यावर घसरते, शिवाय आसपासच्या इमारतींत रात्रभर तो आवाज. वर, बोगद्याच्या बाहेर, 'पुढे तीव्र उतार, गिअर खालचा करा' या बोर्डाच्या आधी रंबलर असावा, तिथं त्याचं काम आहे. पुलाजवळ ओळीने दहा पट्टे मारून काही साधत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

टोलनाक्याचं मी मघाशी म्हणालो ते यासाठी. साताऱ्याकडून येणारी प्रत्येक अवजड गाडी खेड शिवापूरला हळू होतेच. या घाटाच्या आधीची ही शेवटची जागा अशी आहे जिथं प्रत्येक ड्रायव्हर आपल्या हाताशी येतो. तिथं वजनकाट्यावर जादा भरलेली गाडी बाजूला काढणं, संशय आला तर ब्रेकची हवा आणि लायनर बघणं, आणि ड्रायव्हरला मराठी, हिंदी, कन्नड, तमिळमध्ये दोन वाक्यं सांगणं, की दादा पुढे बोगद्यानंतर मोठा उतार आहे, न्यूट्रल करू नका, नव्या गाडीत त्याने डिझेल वाचत नाही. बोर्डावर नुसतं 'सावकाश जा' लिहिण्यापेक्षा हे दुसरं वाक्य जास्त काम करेल, कारण ते त्याच्या खिशाशी बोलतं. आणि बोगद्याच्या जवळ अवजड गाड्यांना पाच मिनिटं थांबता येईल असा प्रशस्त थांबा हवा, लाइट, पाणी, संडास असलेला, म्हणजे थांबणं शिक्षा वाटणार नाही.

तरीही एखादी गाडी सुटणारच. त्यासाठी उतारावर डाव्या अंगाला वाळू-खडीचा खोल पट्टा करतात, सुटलेली गाडी त्यात घातली की चाकं रुततात आणि गाडी थांबते, ड्रायव्हर सहसा वाचतो आणि खालची माणसंही. याला जागा लागते, लांबी लागते, आणि ती पायथ्याशी मिळणार नाही कारण तिथं इमारती उभ्या राहिल्यात. वरच्या भागात अजून शक्य आहे. रोज एकेक गुंठा भरत चाललाय, त्यामुळे हा निर्णय जितका लांबेल तितका तो अशक्य होत जाईल, याची मला खरंच काळजी वाटते.

आणि खालची रांग. सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंनी सलग, अडथळ्याविना, बस थांबे आणि रिक्षा त्याच्यावर, पादचाऱ्यांना पुलाखालून उजेड असलेला रस्ता, आणि मुख्य रस्त्यावर मधेच शिरायच्या जागा कमी. जिथं शिरायचंच आहे तिथं वेग पकडायला पुरेशी लांब वेगळी लेन. हे काम दिसायला सगळ्यात साधं आणि करायला सगळ्यात अवघड, कारण यात जमीन ताब्यात घ्यायची असते, मोबदला द्यायचा असतो, कुणाचं दुकान जाणार असतं, आणि तीन-चार खात्यांनी एका टेबलावर बसायचं असतं. जांभूळवाडीपासून रावेतपर्यंत उन्नत मार्गाचा प्रस्ताव चर्चेत आहे. तो झाला तर लांबची वाहतूक वरून जाईल आणि गावची खालून, म्हणजे मूळ दुखण्यावर इलाज आहे तो. पण असा मार्ग उभा राहायला वर्षं लागतात आणि तोपर्यंत सर्व्हिस रोडचं काम 'आता मोठा प्रकल्प येतोच आहे' म्हणून थांबलं तर त्या मधल्या वर्षांतली माणसं कुणाच्या हिशोबात धरायची? वरच्या रस्त्यावरही उतार तोच राहणार आहे, हेही विसरू नये.

उपाय केल्यावर ते लागू पडले का हे कसं बघायचं, यावरही थोडं लिहायला हवं कारण इथं भल्याभल्यांची गफलत होते. एखाद्या जागी एका वर्षी खूप मृत्यू झाले की पुढच्या वर्षी काहीच न करताही आकडा बऱ्याचदा खाली येतो, कारण ते वर्ष मुळात वाईट होतं. मग जे काही केलं असेल, अगदी नुसता रंग मारला असेल, तरी त्याला यश म्हणून जाहीर केलं जातं. आणि कंटेनर सुटून आठ माणसं जाणं ही घटना दोन-तीन वर्षांत एकदा होते, तिच्यावरून सुधारणा मोजायची तर पुढच्या अपघाताची वाट बघावी लागेल, जे कुणालाच नकोय. त्यापेक्षा वेग मोजा. उताराच्या तीन-चार जागी, दर महिन्याला, अवजड गाड्यांचा वेगळा. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो आकडा घ्या आणि लोकांसमोर ठेवा. तो ७० वरून ४५ वर आला तर उपाय लागू पडले, नाही आला तर नाही. किती चलनं फाडली आणि किती कोटी जमा झाले यावरून वेग कमी झाला का ते अजिबात कळत नाही.

कायद्यातही दोन कलमं आहेत जी आपल्याकडे फार कमी लोक वापरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खाली जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समिती असते, पोलीस, आरटीओ, रस्त्याची खाती सगळी त्यात एकत्र येतात, म्हणजे ते एक टेबल कागदावर आधीपासून आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ, रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अधू झाला तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम फुटकळ आहे, मान्य, पण तपासात हा प्रश्न विचारला जाणं हेच मोठं आहे. आजवर आपल्याकडे गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो आणि विषय संपतो. ड्रायव्हरची चूक असतेच, तिला शिक्षा व्हावी, पण वर्षानुवर्षं वेगवेगळे ड्रायव्हर त्याच जागी तीच चूक करत असतील तर त्या जागेचीही चौकशी व्हायला नको का?

आमच्या भागातल्या सोसायट्यांना म्हणून माझं सांगणं असं आहे की मोर्चे, बॅनर करा, पण सोबत कागदही हलवा. रस्त्यावर आत्ता अडचण दिसली, फुटलेला कठडा, बंद दिवा, बंद पडलेला ट्रक, तर १०३३ वर लगेच कळवा, राष्ट्रीय महामार्गाची ती हेल्पलाइन आहे, आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. आणि माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या गेल्या तीन वर्षांच्या बैठकांचं इतिवृत्त आणि त्यात या टप्प्याबद्दल काय ठरलं, बोगदा ते नवले पूल या पूर्ण लांबीचं रस्ता सुरक्षा ऑडिट झालं असेल तर त्याची प्रत आणि त्यातल्या कोणत्या शिफारशी बाकी आहेत, सर्व्हिस रोडच्या कोणत्या तुकड्याची जमीन अजून ताब्यात नाही, आणि उतारावर अवजड गाड्यांचा वेग शेवटचा कधी मोजला व किती निघाला. समिती आणि आरटीओ राज्याकडे येतात, महामार्ग केंद्राकडे, म्हणून दोन वेगळे अर्ज करावे लागतील, फी प्रत्येकी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं की ते भूमकर चौकातल्या प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.